कालिंदीचा पर्चा आणि नानांचा यजमान

"आज अकरा ते एक या घरात माशीनंसुद्धा शिंकायचं नाही!" कालिंदीनं सकाळीच जाहीर केलं. "सगळा बंदोबस्त केलाय मी. अख्खा दवाखाना चालवायला निघालेय, एक खोली नाही का सांभाळता येणार?"

काय तो बंदोबस्त, विचारूच नका! खिडक्या गच्च बंद, माकडं आत यायला नकोत म्हणून. दाराला कडी. दाराबाहेर सासूबाई, अन्नपूर्णाबाई, लाटणं घेऊन पहाऱ्यावर. गंगेवरच्या पंचगंगा घाटाच्या वर असलेल्या त्या गल्लीत भाजीवालासुद्धा चवड्यांवर चालत गेला म्हणतात.

कारणही तसंच होतं. अकरा वर्षं कालिंदी एका नर्सिंग होमच्या खिडकीत बसून पेशंटांचे कागद करत होती. तिथली मॅनेजरची खुर्ची रिकामी झाली. बडे डॉक्टर म्हणाले, "डिग्री आणा, खुर्ची तुमची. नाहीतर लखनौहून माणूस येतोय." तिची डिग्री होतच आली होती. दोन वर्षं घरबसल्या लॅपटॉपवर हॉस्पिटल चालवायचं शिकली होती बिचारी. आज शेवटचा पर्चा, म्हणजे परीक्षेचा पेपर. आणि नियम? बाई गं! कॅमेऱ्यासमोर बसायचं. मान वळवायची नाही, ओठ हलवायचे नाहीत, खोलीत दुसरं माणूस नको. तीन ताकिदी मिळाल्या की पर्चा रद्द! पुढची परीक्षा वर्षानं. तोवर लखनौवाला खुर्चीत पाय पसरून बसणार.

अकराला पडद्याच्या कोपऱ्यात निरीक्षक उगवला. तिशीचा बाप्या, डोक्याचा चकचकीत गोटा, डोळे बगळ्यासारखे. पापणी म्हणून लवेना!  तरी कालिंदीनं धीर करून आठ प्रश्न सोडवले. नवव्याला मागून दार करकरलं.

देवघराचं दार! त्याला कडीच नव्हती. देवांना कोण कोंडतं?

आले ते सासरे, बिंदुमाधवशास्त्री. घरात सगळे नाना म्हणतात. गुडघे गेल्यापासून त्यांचं घाट उतरणं बंद. मग पुण्या-नाशकाच्या यजमानांचे श्राद्धविधी ते याच खोलीतून, याच लॅपटॉपवर करायचे, आणि कालिंदी शेजारी बसून यंत्र सांभाळायची. आज अकराला नाशिकचा यजमान होता. तिनं तो उद्यावर ढकलला होता. नानांना सांगितलंही होतं, पण ते जपाला बसलेले असताना! जपात नाना बोलत नाहीत, ऐकत नाहीत, नुसती मान हलवतात. अंगणात हत्ती व्याला म्हणून सांगा, हलवतील मान.

नानांनी पडद्यावरचा गोटा पाहिला आणि प्रसन्न झाले. "वा! क्षौर करून बसलेत. हल्ली कोण पाळतं एवढं!"

"मॅडम, कमरे में कौन बोल रहा है? पहली चेतावनी!"

कालिंदी गारठली. काय करणार? सांगायला तोंड उघडावं तर ताकीद, बघायला मान वळवावी तर ताकीद. तिनं टेबलाखालून नानांना अंगठ्यानं ढोसलं.

"सूनबाई, पाय लागतोय," नाना शेजारी ऐसपैस बसत म्हणाले. "नाशिकचे असून हिंदी बोलतायत वाटतं. बरं, हिंदी सही." आणि कॅमेऱ्यात नाक खुपसून, "घबराइए मत यजमान, हम आ गए हैं!"

"दूसरा आदमी! दूसरी चेतावनी!"

आता उरली एकच! कालिंदीला असा घाम फुटला, असा फुटला, की खाली गंगा दोन पायऱ्या चढली. नावाडी साक्षीला आहेत! पडद्यावर प्रश्न आला, 'रुग्णालयात धूर दिसल्यास प्रशासकाने प्रथम काय करावे?' तेवढ्यात नानांनी उदबत्त्यांचा जुडगा पेटवला.

"मॅडम, ये धुआँ कैसा?" निरीक्षक खुर्चीतून अर्धा उठला.

"गोत्र बोलिए," नाना म्हणाले.

"जी?"

"नहीं मालूम? तो काश्यप बोलिए, चल जाता है. अब दिवंगत पिताजी का नाम."

निरीक्षक पांढराफटक. "दिवंगत? पापा? सुबह तो एकदम ठीक थे!"

"सबेरे सब ठीक ही रहते हैं, बेटा," नानांनी सुस्कारा सोडला. मग कालिंदीकडे वळून हळूच, "पहिल्या वर्षी मन मानत नाही गं. असंच बोलतात."

कालिंदीनं डोळे मिटले. आता तो बटण दाबणार. दोन वर्षं गेली, खुर्ची गेली, आणि अकरा वर्षांची ती खिडकी मात्र जन्माला चिकटली! तिनं मनात काळभैरवाला हात जोडले. एक डोळा उघडला.

पडद्यावर नुसती खुर्ची! बाप्या घरी फोन लावायला धावला होता. लांबून आवाज येत होता, "मम्मी, पापा कहाँ हैं? नहीं, पहले पापा को दो!"

मग काय! इकडे नानांचा संकल्प सुरू, तिकडे कालिंदीची बोटं सुरू. आजूबाजूला धूर, कानात मंत्र, अशा अवस्थेत तिनं एकतीस प्रश्न उडवले. शेवटच्या उत्तरावर बोट पडलं आणि निरीक्षक नाक पुसत परत आला.

"पापा ठीक हैं, गुरुजी. नहा रहे थे."

"गंगामैया की कृपा," नाना म्हणाले आणि लॅपटॉपवर अक्षता टाकून उठले.

पडद्यावर लाल अक्षरं आली, 'परीक्षा संशयास्पद. प्रकरण समितीकडे.'

पुढचे वीस दिवस कालिंदी झोपेत दचकायची. फोन वाजला की हातातली कढई खाली. नर्सिंग होममध्ये लखनौवाला येऊन खुर्चीची गादी दाबूनही गेला! नानांना सगळा प्रकार कळला तेव्हा तेही हादरले. तीन दिवस चहासुद्धा घेतला नाही त्यांनी.

एकविसाव्या दिवशी पत्र आलं. कालिंदीला ते उघडायचा धीर होईना, म्हणून अन्नपूर्णाबाईंनी मोठ्यानं वाचलं.

"'समितीने चित्रफीत तीन वेळा पाहिली. सदर वृद्ध गृहस्थ सलग बावीस मिनिटे बोलत होते. मात्र त्यांच्या बोलण्यात उपयोगी असा एकही शब्द आढळला नाही. सबब परीक्षा ग्राह्य. विद्यार्थिनी उत्तीर्ण.'"

कालिंदी मटकन खाली बसून रडायलाच लागली. अन्नपूर्णाबाई पेढे आणायला उठल्या.

नानांनी पत्र हातात घेतलं, चष्मा लावला, पुन्हा वाचलं. नाकपुड्या फुगल्या.

"एकही उपयोगी शब्द नाही? माझा? साठ वर्षं सांगतोय मी! सूनबाई, रडणं नंतर. आधी सांग, फेरतपासणीचा अर्ज कुठं करायचा?"

कालिंदी आता मॅनेजर आहे. तो लॅपटॉप मात्र रोज सोबत घेऊन जाते. नाना अजून समितीचा पत्ता शोधताहेत.