पालथ्या पल्ल्यांचं सैपाकघर

वडनेर भोलजीच्या जीवन मिस्तरीला एखादं काम मिळालं की तो ते आधी गावाला सांगायचा आणि मग करायला घ्यायचा. अन्नपूर्णाबाईंच्या नव्या घराचं सैपाकघर तर त्याने चौकापासून नांदुऱ्याच्या बसस्टँडपर्यंत सांगून ठेवलं होतं. तोवर त्याने खाटा केल्या, देव्हारे केले. पण भिंतभर कपाटं, त्यांचे पल्ले म्हणजे दारं, आणि त्या पल्ल्यांना आतून गोल भोकात बसणाऱ्या बिजागऱ्या, असलं काम त्याच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. ते साधलं तर आजूबाजूची सगळी सैपाकघरं त्याची. फसलं तर अन्नपूर्णाबाईंचा आवाज लाऊडस्पीकरशिवाय पोचणारा होता, आणि त्यांचं वास्तुपूजन तोंडावर आलं होतं.

"बाकीचे मिस्तरी एकेका पल्ल्यावर पेन्सिल घेऊन बसतेत," तो बायकोला, समीक्षाला, सांगत होता. "मी फर्मा केला. पल्ल्याच्या कडेले अडकवला, मशीन दाबली, झालं भोक. सगळे पल्ले जुळे भाऊ."

फर्मा होताच देखणा. प्लायच्या तुकड्याला दोन गोल भोकं, कडेला अडकायला पट्ट्या, आणि पल्ला आरपार होऊ नये म्हणून मशीनला अडणी. सनमायका फुटू नये म्हणून भोकाच्या जागी तो कागदी टेपही लावणार होता. रद्दी तुकड्यावर पहिलं भोक मारलं तेव्हा त्याची कड इतकी साफ आली, की तो तुकडा त्याने दूधवाल्यालाही दाखवला. दूधवाल्याने आत बोट फिरवून मान डोलावली.

पल्ले पिस्ता रंगाचे होते, पण दोन्ही अंगांना दुधी प्लास्टिक चिकटवलेलं. बिजागरी मागच्या बाजूला बसते, म्हणून जीवनने सगळे पल्ले दर्शनी बाजू खाली करून शेडमध्ये रचले आणि तो चहाला गेला.

तेवढ्यात समीक्षा झाडायला आली. खाली वाळूची कचकच होती. एका पल्ल्याच्या कोपऱ्यावरचं प्लास्टिक सुटलं होतं आणि त्यातून पिस्ता रंग दिसत होता. एवढी महागाची चांगली बाजू वाळूत घासलेली पाहून तिचा जीव कळवळला. तिने एकेक पल्ला उचलला, फडक्याने पुसला आणि चांगली बाजू वर करून पुन्हा तशीच थप्पी लावली.

जीवन चहा पिऊन आला तो थेट मशीनवर. फर्मा अडकव, टेप लाव, दाब, उचल. दुपार कलायच्या आत थप्पी संपली. त्याने अभिमानाने पहिल्या पल्ल्याचं प्लास्टिक सोललं, आणि गोऱ्या चेहऱ्याला देवीचे वण असावेत तशी पिस्ता रंगावर दोन काळी भोकं त्याच्याकडे पाहू लागली. दुसरा सोलला. तिसरा सोलला. एकही भोक सुताभरही चुकलेलं नव्हतं.

"समीक्षा, या पल्ल्याइले कोणी हात लावला वं?"

"मी लावला," ती आतून आली. "तुमी तर चांगली बाजू खाली घासत ठेवली होती. मीच पुसून सुलटे केले."

जीवन पल्ल्यांशेजारी वाळूतच बसला. मागून त्याच जागी भोक मारलं तर दोन्ही भोकं एकमेकांना भेटणार. नवे पल्ले आणायला आता वेळ नव्हता.

समीक्षाला रडू आलं. ती आत गेली आणि पोळ्या लाटता लाटता एकदम थांबली. लाटणं घेऊन ती शेडमध्ये आली, आणि तिने ते एका भोकात उभं केलं. नेमकं बसलं.

"याचे काप केले तं?" ती म्हणाली. "काकडीसारखे. कोटाच्या गुंड्यावानी दिसतीन."

जीवनने लाटणं काढून बाजूला ठेवलं. मग त्याने पल्ला उचलून फिरवला. बिजागरी दुसऱ्या कडेला बसवली की डावीकडचा पल्ला उजवीकडे जाणार, उजवीकडचा डावीकडे, आणि गुंड्या बरोब्बर कपाटाच्या मध्यावर येणार.

दुसऱ्या दिवशी तो शेगावला गेला आणि देवळाजवळच्या दुकानांतून जाडीला सारखी असतील तेवढी लाटणी त्याने पोत्यात भरली. प्रत्येक लाटणं तो खिशातल्या त्या रद्दी तुकड्याच्या भोकात घालून पाहायचा. दुकानदाराने विचारलं, "खानावळ टाकून राह्यले काय?" जीवन घाईत होता. "हाव," म्हणाला आणि निघाला.

दुकानात वडनेरचंच कोणीतरी होतं. जीवनच्या आधी खानावळ गावात पोचली. संध्याकाळी अन्नपूर्णाबाई शेडच्या दारात उभ्या होत्या.

"जीवन, तू पोळ्यायचा धंदा टाक नाही तं भज्यायचा. माह्या सैपाकघराचं काय केलं ते सांग."

जीवनच्या हातात करवत होती आणि समोर अर्धं कापलेलं लाटणं.

"काकू, खानावळ नाई. तुमचंच काम आहे," समीक्षा म्हणाली आणि तिने तयार झालेली पल्ल्यांची जोडी पुढे केली.

पिस्ता रंगावर लाकडी गुंड्या ओळीने बसल्या होत्या. अन्नपूर्णाबाईंनी चष्मा वर केला, एका गुंडीवर बोट फिरवलं, नखाने खरवडून पाहिली.

"हे मी सांगतलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नाई काकू."

"मंग कोणाचं डोकं?"

जीवनने समीक्षाकडे पाहिलं. "दोघायचं," तो म्हणाला. "भोकं माही, गुंड्या तिच्या."

वास्तुपूजनाला आलेल्या बायका सत्यनारायण सोडून सैपाकघरातच जमल्या. त्यांतल्या शेजारच्या तानाबाईंनी तर तिथेच आपल्या घरचं माप सांगितलं. पल्ले असेच पाहिजेत, रंग वेगळा चालेल, पण गुंड्यांत बदल नको.

तानाबाईंचे पल्ले आले. जीवनने पहिला पल्ला गुंड्यांसाठी या वेळी मुद्दाम दर्शनी बाजू वर करून ठेवला, प्लास्टिक सोलून दोनदा खात्री केली, फर्मा अडकवला, टेप लावला आणि मशीन टेकवली. बटण काही दाबवेना. चकचकीत, कोरा, बिनडागाचा पल्ला खालून त्याच्याकडे पाहत होता.

"समीक्षा," त्याने हाक मारली, "तूच मार बाई. माह्यानं नाई होत."

समीक्षाने पदर खोचला, मशीन हातात घेतली आणि म्हणाली, "सरका."

जीवन सरकला, आणि मशीन थांबेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.