वेणू नाही, तर पणजोबाही नाहीत

अपर्णाकाकू आमच्याकडे पहिल्यांदा आल्या, तेव्हा मी दिलेलं फुलपात्र त्यांनी सरळ उलटं केलं. भरलेलं होतं हो! पाणी माझ्या सोफ्यावर, आणि बाई चष्मा सावरत भांड्यावर घातलेलं नाव वाचताहेत.

"कुसुम कोण गं?"

"सासूबाई," मी सोफा पुसत म्हटलं.

"ते सासरचं झालं. माहेरचं?"

मला ठाऊकच नव्हतं. काकूंनी असं पाहिलं, की ते नाव जणू मीच हरवलं.

दुबईच्या ऊद मेथा भागात आमच्या वरच्या मजल्यावर मुलाकडे राहतात त्या. सत्तरी गाठलीय. लोक इथे येऊन मॉल बघतात, या बाई लोकांची कपाटं बघतात. लग्नात मुलीचं नावच बदलून टाकायचं, हे त्यांच्या डोक्यात जातं. "मांजर दुसऱ्या घरी दिलं तरी नाव तेच ठेवतात!" म्हणून जुनी भांडी, जुनी पत्रं, रुखवतातले रुमाल, जे दिसेल ते उलटंपालटं करून बायकांची माहेरची नावं शोधतात. "यल्ला, कपाट उघड!" 'चला'चं यल्ला आणि 'संपलं'चं खलास, एवढ्या अरबीवर त्यांचं इथे झकास चाललंय.

यंदा त्यांच्या दिरांनी पुण्यात घराण्याची वंशावळ छापायला काढली. त्यात काकूंच्या सासूबाई 'लक्ष्मी' म्हणून. काकू खवळल्या. सासूबाई गेल्यावर सापडलेल्या त्यांच्या लग्नातल्या तांब्यावर 'वेणू' होतं, त्यांच्या भावाची जुनी पोस्टकार्डंही 'चि. वेणूस' अशीच सुरू होत होती. लावला फोन, स्पीकरवर. मला बोलावून घेतलं होतंच, साक्षीला.

"वहिनी, आपल्यात तशी पद्धत नाही," दीर म्हणाले.

"मग छापा ना, की घराण्यातले पुरुष झाडाला लागले होते!"

"अहो, सगळं छापखान्यात गेलंय."

"परत आणा. पणजोबांचा एकुलता एक फोटो माझ्या कपाटात आहे. वेणू नाही, तर पणजोबाही नाहीत. खलास!"

फोन आपटला.

"शेवटच्या आजारात सासूबाई सारख्या 'वेणू, वेणू' करायच्या गं," त्या म्हणाल्या. "आणि आम्ही विचारायचो, वेणू कोण? पोटची पोरंसुद्धा विचारायची!"

आठवड्याभरात दीर नमले. 'लक्ष्मी, माहेरची वेणू' असं छापतो म्हणाले, वर सगळ्याच सुनांची माहेरची नावं मागवली. काकूंनी ती पाठवलीही. यादी मला दाखवली, तर त्यांच्या स्वतःच्या नावापुढे काहीच नाही.

"आणि तुमचं हो?"

काकू फणकारल्या. "स्वतःचं स्वतः काय सांगायचं? कुणी विचारायला नको?"

"मी विचारतेय."

"सिंधू," त्या हळूच म्हणाल्या. "भाऊ गेल्यापासून कुणी हाक मारली नाही."

"बरं, सिंधूकाकू..."

"काकू कशाला मध्ये? नुसतं म्हण."

मोठ्यांना अहोजाहो करत वाढलेली मी, जीभ रेटेना. चहा टाकायचं निमित्त करून आत गेले आणि तिथूनच एकदाची ओरडले, "अगं सिंधू, साखर किती घालू?"

बाहेर येऊन बघते, तर बाई पदराने डोळे पुसताहेत.

"मला काही ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या. "परत म्हण."