डब्बूराम येणार!

"डब्बूराम येणार म्हणजे येणार! न्हाई आला तर गॅरेजची पाटी उतरवून ठेवीन!"

मांजरसुंब्याला हायवेच्या कडेला उभं राहून मुस्तकीम मिस्त्रीनं ही घोषणा केली, तेव्हा ऐकायला पाटोद्याचा त्याचा जुना दोस्त सिद्धेश्वर होता, सिद्धेश्वरची पोरगी ऋतुजा होती आणि टायर बदलायला थांबलेला एक ट्रकवाला होता. ट्रकवाल्याच्या डोक्यावरून सगळं गेलं. तो तर मिस्त्रीलाच डब्बूरामभाई समजत होता. समजणारच! पाटीवर भल्यामोठ्या अक्षरांत लिहिलं होतं ना, 'डब्बूराम डिझेल गॅरेज'!

तर हा डब्बूराम म्हणजे 'गगनबाज' नावाच्या परदेशी, पण हिंदीत बोलणाऱ्या पिक्चरमधला यंत्रमानव. अंगानं पत्र्याचा, चालीनं फेंगडा. पण कप्तान ज्वालाचं यान आकाशात बंद पडलं की हा पोटातून पाना काढायचा आणि दोन मिनिटांत चालू करून द्यायचा! वीस वर्षांपूर्वी मुस्तकीमनं हा पिक्चर पाटोद्याला धुळाजीच्या व्हिडिओ हॉलमध्ये अकरा वेळा पाहिला, आणि आपणही पानाच धरायचा हे तिथंच ठरवलं.

त्यातला एक प्रसंग सांगताना त्याच्या अंगावर अजून काटा यायचा. कप्तानाला वाचवायला डब्बूराम आगीत उडी घेतो. वितळतो. खलास! कप्तान ढसाढसा रडतो, पडदा काळा होतो... आणि पुढच्याच मिनिटाला डब्बूराम ठणठणीत उभा!

"मरून उठला, पण गवगवा केला का? न्हाई!" मुस्तकीम म्हणायचा. "याला म्हणतात मोठेपणा!"

पुढच्या दोन भागांत डब्बूराम दिसलाच नाही. त्याची आठवण काढून कप्तान चक्क रडला, तरी मुस्तकीम ढळला नाही. "दुश्मनाला फसवायलाय ते. डब्बूराम गुप्त कामगिरीवर हाय." आता अकरा वर्षांनी चौथा भाग आला होता, बीडला लागला होता, आणि बाराच्या खेळाची तीन तिकिटं मुस्तकीमच्या खिशात होती.

जीप निघाली. ऋतुजा संभाजीनगरला इंजिनिअरिंग शिकते. तिनं 'गगनबाज'चे आधीचे तिन्ही भाग मोबाईलवर पाहिले होते. मागच्या सीटवरून ती म्हणाली, "मुस्तकीमचाचा, पण डब्बूराम तर पहिल्याच भागात..."

तेवढ्यात घाटात जीपनं दोन आचके दिले आणि बसकण मारली.

"घाबरू नका," मुस्तकीम म्हणाला, "इंजिन माझ्याशी बोलतं!"

बॉनेट उघडून तो इंजिनाला कान लावून बसला. मग फिल्टर खोलला. मग पाइप काढून फुंकला. मग पंपावर संशय घेतला आणि तोही खोलला. अर्धा तास, पाऊण तास! रस्त्यावर पाने, नट, बोल्ट यांचा बाजार मांडला. शेवटी ऋतुजानं हळूच विचारलं, "चाचा, डिझेल आहे ना?"

डिझेल नव्हतं.

"बरं झालं बे, तू डॉक्टर झाला न्हाईस!" सिद्धेश्वर म्हणाला.

कुणाच्या तरी मोटारसायकलीवर जाऊन डिझेल आणलं, खोललेलं सगळं परत बसवलं, आणि मंडळी थिएटरात शिरली तेव्हा इंटरवलचे पॉपकॉर्न संपत आले होते. पहिला अर्धा भाग गेला! मुस्तकीमनं कपाळावर हात मारून घेतला. पण लगेच सावरला. "डब्बूराम शेवटीच येणार. मोठा माणूस शेवटीच येतो."

शेवट आला. कप्तान ज्वाला म्हातारा झाला होता. एका काळ्या ग्रहावर तो एकटाच लढला आणि पडला. हातात डब्बूरामचा गंजका पाना. डोळे मिटले. नावं वर सरकायला लागली.

लोक उठले. मुस्तकीम खुर्चीवर चढला. "बसा खाली! उठंल आता! घाई कावून करता?"

नावं संपली. दिवे लागले. झाडूवाली बाई पायाखाली झाडायला लागली, तरी गडी पडद्याकडे बघतोय. शेवटी सिद्धेश्वरनं त्याला हाताला धरून बाहेर आणलं.

"डब्बूराम उठलाच की! मग कप्तान कावून न्हाई उठला?"

"चाचा," ऋतुजा म्हणाली, "डब्बूराम कधी उठला?"

"पहिल्या भागात! अर्ध्यात मेला आन् पुढं उठला!"

"अर्ध्यात नाही हो! अगदी शेवटी मरतो तो. तिथंच पिक्चर संपतो."

मुस्तकीमनं सिद्धेश्वरकडं पाहिलं. सिद्धेश्वरनंही तोच पिक्चर त्याच हॉलमध्ये, त्याच सतरंजीवर बसून पाहिला होता. "न्हाई गं बाई," तो म्हणाला, "उठतो तो. आख्ख्या पाटोद्यानं पाहिलंय."

ऋतुजाला आता भलतंच कुतूहल वाटायला लागलं. आख्खं गाव चूक कसं असेल? तिनं धुळाजीला फोन लावायला लावला. म्हातारा शेतातच होता.

"बापू, 'गगनबाज' आठवतो का?" मुस्तकीमनं विचारलं.

"न आठवायला काय झालं? दोन सीड्या व्हत्या त्याच्या. आमी आधी दुसरी लावायचो."

"दुसरी? कावून?"

"आरं, भारनियमन! लाईट कवा जाईल त्याचा नेम न्हाई. शेवट न्हाई दावला तर लोक पैसे वापस मागायचे. म्हणून आधी शेवट दावून मोकळं व्हायचं. मंग लाईट टिकली तर पयली सीडी. सगळेच पिक्चर तसेच दावले की म्या!"

मुस्तकीम थिएटरच्या पायरीवर मटकन बसला. वीस वर्षं! वीस वर्षं तो ज्याची वाट बघत होता, तो वीस वर्षांपूर्वीच मेलेला होता! त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "सिद्ध्या," तो म्हणाला, "उद्या पाटी उतरवायला ये."

सिद्धेश्वर तिकिटाच्या खिडकीकडं गेला आणि तीनच्या खेळाची तीन तिकिटं घेऊन आला. "चल. पयली सीडी राहिलीय आपली."

मुस्तकीम नाइलाजानं आत गेला. पिक्चर सुरू झाला. तासाभरानं म्हातारा कप्तान जुन्या दिवसांची आठवण काढायला लागला, आणि पडद्यावर यान बंद पडलं. फेंगडी पावलं वाजली. पोटातून पाना निघाला.

"आलाऽऽऽ!" मुस्तकीमची आरोळी बाहेरच्या पानटपरीपर्यंत गेली. शेजारचा माणूस पॉपकॉर्नसकट उडाला. सिद्धेश्वर शिट्ट्या मारायला लागला. आणि ऋतुजा, इंजिनिअरिंगची ऋतुजा, खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती! डब्बूराम पुरी चार मिनिटं होता. यान चालू झालं. कप्तान तरुण होता, हसत होता, आणि तेवढ्यात इंटरवल झाला.

तिघंही उठले आणि दाराकडं निघाले. दारावरच्या माणसानं हात आडवा केला. "कुठं चालले भाऊ? अर्धा पिक्चर राहिलाय अजून!"

"न्हाई दादा," मुस्तकीम डोळे पुसत म्हणाला, "आमचा संपला. समदे जिते हायेत."