वाळूचं विरजण

तुम्हाला खोटं वाटेल, पण वाळू या विषयावर माझ्याइतकं वाचन केलेला माणूस आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये नाही! खाऱ्या पाण्याची माशांची टाकी घरात आणायचं मनात आलं, त्याच दिवशी मी दोनशे पानी वही आणली आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'नियोजन'. त्यातली त्रेचाळीस पानं नुसत्या वाळूची आहेत. फार बारीक वाळू घेतली तर पंपाच्या झोतानं टाकीत धुळीचं वादळ उठतं. फार जाड घेतली तर माशांचं खाणं खड्यांमध्ये अडकून कुजतं. काळी वाळू दिसते झकास, पण तिच्यावर घाणही तितकीच झकास दिसते. हे सगळं मी बायकोला जेवताना, भांडी आवरताना आणि एकदा ती दाढदुखीनं बेजार असताना समजावून सांगितलं.

बायको मला ओळखून आहे. याआधी मी बासरी, बुद्धिबळ आणि पलंगाखालची मशरूमची शेती असे तीन छंद केले. त्यातले पलंगाखालचे मशरूम तेवढे मनासारखे वाढले, तेही मी लावले नव्हते.

"टाकी ठेवणार कुठे?" तिनं विचारलं.

"हॉलच्या कोपऱ्यात. तिथला प्लग धड आहे."

"तिथे माझं शिलाई मशीन आहे. तेही त्याच प्लगवर चालतं."

मी वही उघडून पान सतरा दाखवलं. त्यावर मशीन बेडरूममध्ये हलवल्याचा नकाशा होता, रंगीत पेन्सिलीनं काढलेला. बायकोनं तो नीट बघितला आणि शिवणाची कात्री खाली ठेवली.

"ठीक आहे. एक महिना! शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या टाकीत एक तरी जिवंत जीव मला हलताना दिसला पाहिजे. नाही दिसला, तर टाकी बाहेर आणि मशीन परत जागेवर."

"एक? अगं, दोन मासे राखून ठेवलेत मी दुकानात! केशरी! पांढऱ्या पट्ट्यांचे!"

एवढ्या तोऱ्यात मी आयुष्यात फार कमी वेळा बोललोय.

दुकानाचे मालक म्हणजे ज्यांना मी मनातल्या मनात मत्स्यगुरू म्हणतो, ते. त्यांच्यासमोर मी वही उघडली तेव्हा त्यांनी ती हळूच मिटली आणि मध्यम दाण्याची, शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची कोरडी वाळू काढून दिली. वीस किलो. मग मागे जाऊन त्यांनी त्यांच्या जुन्या टाकीच्या तळातली ओली वाळू एका बरणीत भरून आणली. वास असा, की माझे डोळे पाणावले.

"ही खरी वाळू," ते म्हणाले. "हिच्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव आहेत. माशांची घाण खाऊन पाणी स्वच्छ ठेवतात ते. दुधाला विरजण लावता ना? तसं हे कोरड्या वाळूला लावायचं. मग तीन-चार आठवडे थांबायचं. मासे त्यानंतर! पण एक लक्षात ठेवा, नळाचं पाणी हिला लावायचं नाही. लागलं की संपलं सगळं."

मी पान सत्तावीसवर 'विरजण' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

आता सासऱ्यांबद्दल सांगितलं पाहिजे. सासरे वर्षभरापासून आमच्याकडे राहतात. चाळीस वर्षं त्यांनी बांधकामावर सुपरवायझर म्हणून काढली. निवृत्त झाल्यापासून त्यांचं मन कशात रमत नव्हतं. सकाळी फिरून आले की खुर्चीत बसायचे आणि समोरच्या भिंतीचा गिलावा कसा चुकलाय ते बघत राहायचे. रिकामी टाकी कोपऱ्यात मांडून मी वाळूच्या पिशव्या घरात आणल्या मात्र, गडी उठून उभा राहिला!

"वाळू? पिशवीतून?" त्यांनी चिमूटभर घेऊन तळहातावर चोळली, कानाशी नेली आणि डोळे मिटले. "दाणा चांगला आहे. पण चुरी फार. धुवायला लागेल."

कोरडी वाळू धुवायचीच असते. पान एकतीस! मला ऑफिसला जायचं होतं. मी म्हटलं, "बाबा, या पिशव्या तुम्ही धुऊन टाकाल?" आणि बरणी तिथेच, बाथरूमच्या फळीवर ठेवून निघालो.

आता तुम्ही म्हणाल, बरणीबद्दल त्यांना सांगायला काय झालं होतं? काही झालं नव्हतं. तीन महिने मी बायकोला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, लिफ्टमध्ये अडकलेल्या एका अनोळखी गृहस्थांनाही सांगितलं. सासऱ्यांना तेवढं सांगावंसं वाटलं नाही. ते आपले खुर्चीत बसलेले असायचे.

दुपारी ऑफिसात मीटिंग चालू असताना त्यांचा फोन आला.

"जावईबापू, तुम्हाला फसवलं!"

"कोणी?"

"दुकानदारानं! बरणीतली वाळू जिभेवर ठेवून बघितली. खारट! अहो, खारी वाळू वापरली की गिलावा फुगतो, सळई गंजते! अशा वाळूचे भरलेले ट्रक मी परत पाठवलेत. पण तुम्ही काळजी करू नका. अकरा पाण्यांनी धुतली! शेवटचं तर कढत पाणी घेतलं. आता जिभेला मीठ लागत नाही. गच्चीत वाळत घातलीये."

मी ताडकन उभा राहिलो. "मेले!" मी ओरडलो. "सगळे मेले!"

साहेबांनी चष्मा काढला.

"कोण गेलं हो?"

"सगळेच, साहेब!"

"सगळे म्हणजे... किती?"

"कोट्यवधी!"

साहेबांनी हेडक्लार्ककडे बघितलं. हेडक्लार्कनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लहान मुलाशी बोलावं तसं विचारलं, "घरी कोण आहे आत्ता?"

"सासरे आहेत. त्यांनीच मारले! कढत पाणी ओतून! आणि त्यांना बिचाऱ्यांना कल्पनाच नाही!"

पाच मिनिटांत मी साहेबांच्या गाडीत होतो आणि शेजारी हेडक्लार्क माझा हात घट्ट धरून बसले होते. मी त्यांना सूक्ष्म जीवांबद्दल सांगायला लागलो, तर ते म्हणाले, "बोलू नका. रडावंसं वाटलं तर रडा."

घराचं दार सासऱ्यांनीच उघडलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अंगावर पाणी उडालेलं, एका हातात घमेलं, दुसऱ्या हातात थापी. चेहरा असा फुललेला, की वर्षभरात तसा बघितला नव्हता. "या या!" ते हेडक्लार्कना म्हणाले. "तुम्हीपण बघा, काय धुतलीये!" हेडक्लार्क माझ्या पाठीमागे सरकले आणि तिथूनच जिना उतरून गेले.

सासऱ्यांनी मला टाकीपाशी नेलं. वाळू अंथरून झाली होती. गच्चीतली बरणीभर वाळूही आणून तिच्यात मिसळली होती. थापीनं सारखी केलेली आणि पाणसळ लावून पातळी तपासलेली ती वाळू इतकी सपाट होती, की तिच्यावर फरशी बसवता आली असती. "बऱ्याच वर्षांनी हातात वाळू आली," ते म्हणाले आणि बाथरूममध्ये हात धुताना चक्क शीळ घालायला लागले!

आता अशा माणसाला काय सांगणार? मला खूप राग आला होता, पण शीळ ऐकली आणि तो कुठल्या कुठे गेला. मी "छान झालंय, बाबा" एवढंच म्हटलं आणि पाण्यात मीठ कालवायला बसलो. ते टॉवेलला हात पुसत बाहेर आले आणि जागीच थबकले.

"हे काय?"

"मीठ."

"मी अकरा पाण्यांनी काढलं, आणि तुम्ही परत घालताय? तेही विकतचं?"

"मासे समुद्रातले आहेत ना, बाबा. त्यांना लागतं."

ते खुर्चीत जाऊन बसले. पण त्या संध्याकाळी त्यांनी गिलाव्याकडे बघितलं नाही, टाकीकडेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला जाताना चोरासारखा दुकानात शिरलो आणि दुसरी बरणी घेतली. मत्स्यगुरूंना म्हटलं, "पहिली सांडली." तिसऱ्या दिवशी सकाळी सासरे फिरायला आणि बायको दूध आणायला गेल्यावर मी ती टाकीत रिकामी केली. मला काही थापी चालवता येत नाही. डाव्या बाजूला चांगला उंचवटा झाला. संध्याकाळी येऊन बघतो तर उंचवटा गायब! वाळू पुन्हा सपाट! सूक्ष्म जीव कामाला लागले, असं मी वहीत लिहिलं आणि पुढे तीन उद्गारचिन्हं काढली.

मग थांबणं सुरू झालं. एक आठवडा गेला, दोन गेले. पाणी आधी गढूळ, मग तपकिरी, मग हिरवट झालं. रोज संध्याकाळी मी पाणी तपासायचो आणि रोज पान सत्तावीस म्हणायचं, मासे अजून नाहीत. तिसऱ्या आठवड्यात पाणी निवळलं, पण टाकीत बघावं तर वाळू आणि पाणी. दुसरं काही नाही! मला भूक लागेना. बेडरूममध्ये मशीनच्या कडेवर रोज गुडघा आपटायचा. एकदा बायको हॉलच्या कोपऱ्याकडे बघत असताना तिच्या गळ्यात मापाची टेप होती.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी सहा वाजता बायको हॉलमध्ये आली, मी वही मिटून बसलो होतो आणि सासरे काचेला नाक लावून उभे होते. गेले चार आठवडे ते तसेच उभे असायचे.

"वाळूत काहीतरी हललं," सासरे म्हणाले.

"पंपाचा झोत असेल, बाबा," मी म्हटलं. माझ्यात आता जीव राहिला नव्हता.

"झोताला शिंगं असतात?"

मी उडी मारून टॉर्च आणला. काचेवर हरभऱ्याएवढी एक गोगलगाय दोन शिंगं हलवत वर चढत होती. तिच्यामागे दुसरी, तिसरी! टॉर्च खाली फिरवला तर वाळूतून पांढरे बारीक किडे डोकं काढून बघत होते. आणि कोपऱ्यात शर्टाच्या बटणाएवढा एक तारामासा होता. सगळं लपून बरणीतल्या वाळूतून आलेलं!

बायको बराच वेळ बघत राहिली. मग तिनं गळ्यातली टेप काढून गुंडाळली. "हलतंय. जिवंत आहे. टाकी राहू दे."

"विरजण लागलं!" मी वही डोक्यावर धरून नाचलो. आनंदाच्या भरात माणूस खरं बोलून जातो. "बाबा, आता सांगायला हरकत नाही. तुम्ही धुतल्यावर त्या वाळूत काहीच उरलं नव्हतं. मी गुपचूप दुसरी बरणी आणून टाकली होती."

सासरे चप्पल बघायला लागले. "मीपण."

"काय?"

"तुम्ही मीठ घातलंत तेव्हाच मला चुकल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. भांडायलाच गेलो होतो, पण त्या माणसानं बसवून पाऊण तास समजावून सांगितलं. चाळीस वर्षांत मला वाळूबद्दल कुणी काही शिकवलं नव्हतं! मग एक बरणी घेतली. तिसऱ्या दिवशी तुम्ही ऑफिसला गेल्यावर टाकली आणि थापीनं सारखी केली. डावीकडे कसला तरी उंचवटा होता, तोही काढला."

मी वही उघडली आणि ती तीन उद्गारचिन्हं खोडली.

"मीपण," बायको म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे वळून बघितलं.

"तुझ्या हेडक्लार्कचा फोन आला होता मला. म्हणाले, वडिलांना एकटं ठेवू नका, त्यांच्या हातून कोट्यवधी गेलेत! मी पंधरा मिनिटं हसले. मग सगळं लक्षात आलं आणि दुकानातून बरणी आणून टाकीत ओतली."

"पण टाकी गेली असती तर तुझं मशीन परत आलं असतं!"

"टाकी गेली असती तर चाललं असतं रे. पण ती बाबांच्या हातून गेली असती तर चाललं नसतं. आणि तू महिनाभर त्यांना एका शब्दानंही बोल लावला नाहीस, तेही मी बघत होते."

तिघंही काचेला नाक लावून गोगलगायी मोजत उभे राहिलो. खरं सांगतो, इतकं बरं मला बासरी वाजवतानाही वाटलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी बायकोनं लांब वायरचा बोर्ड आणला आणि मशीन टाकीशेजारी मांडलं. शिवताना अधूनमधून मान वर करून तिला तारामासा बघायचा असतो.

पुढच्या रविवारी पाणी तपासलं. पास! मी डबा घेऊन दुकानात धावलो. मत्स्यगुरू म्हणाले, "न्या मासे. आता टाकीत किडेबिडे झाले असतील ना? आवडीनं खातात ते, मेजवानीच!" मासे डब्यात सोडण्याआधी मला वाटलं, ही आनंदाची बातमी घरी कळवावी. म्हणून सासऱ्यांना फोन केला. माझी अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक ती!

"खातात?" सासरे म्हणाले. "कोणाला खातात?"

मी रिकामा डबा घेऊन घरी आलो. सासऱ्यांनी खुर्ची उचलून टाकीसमोर मांडली होती. तिथून ते अजून उठलेले नाहीत. रोज सकाळी मोजणी होते आणि आकडा माझ्याच वहीत उतरवला जातो. आज सकाळी गोगलगायी एकशे बारा होत्या. अख्खी बिल्डिंग टाकी बघून गेली. साहेबही आले, हेडक्लार्कसुद्धा दारातून वाकून बघून गेले. येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "मासे कुठे आहेत?"

"माशांचं काय घेऊन बसलात?" सासरे म्हणतात. "वाळू बघा, वाळू!"

माझ्या माशांचं म्हणाल, तर ते मजेत आहेत. चांगले धष्टपुष्ट झालेत. मला ओळखायलाही लागलेत. दर शनिवारी संध्याकाळी मी दुकानात जातो ना, त्यांना भेटायला!