हबीबभाईंचं ताट

हबीबभाई स्पीकर विकत घेताना त्याच्याकडे पाठ करून बसतात. समोरचा माणूस बिचारा स्पीकर पुसून, जाळी नीट करून दाखवायला आलेला असतो आणि हे भिंतीकडे तोंड करून मांडी घालतात. "तोंड पाहून पोरगी पसंत करत असतीन लोकं. आपण आवाज पाहतो," असं भिंतीला सांगतात आणि हात मागे करून आपली कॅसेट पुढे करतात.

ही कॅसेट आमच्या धाड गावात सगळ्यांना माहीत आहे. तरुणपणी कुठल्याशा उरुसात हबीबभाईंनी स्वतः भरलेली कव्वाली. गाणारा ठीकच आहे. पण ऐन रंगात आल्यावर मागे कुणाच्या तरी हातून स्टीलचं ताट पडतं. साध्या स्पीकरवर नुसता 'ठण्ण' ऐकू येतो. बऱ्या स्पीकरवर ताट पडल्यावर जमिनीवर गिरक्या घेतं. हबीबभाई बोटं दुमडून गिरक्या मोजतात आणि त्यावर स्पीकरची लायकी ठरते. "दोन गिरक्या. भजनी मंडळाले चालते." "तीन. घरात ठेवाच्या लायकीचा हाय." एकदा एकाने नवाकोरा महागडा संच आणला. ताट पडलं ते पडलंच, उठलं नाही. हबीबभाई भिंतीकडूनच म्हणाले, "हे वापस घेऊन जा. याच्यात ताट मरते."

मी धाडला शाळेत शिक्षक म्हणून आलो तेव्हा त्यांच्या समोरचीच खोली भाड्याने मिळाली. खाली त्यांचं गाद्यांचं दुकान, वर घर, आणि घराची पुढची खोली स्पीकरांची. पोटापाण्याचा धंदा गाद्या-उशांचा. जुने स्पीकर घेणं, दुरुस्त करणं, एकमेकांशी भिडवून बघणं आणि विकणं हे ते गाद्यांमधून वेळ काढून करत. निदान ते तसं म्हणत. प्रत्यक्षात गाद्या स्पीकरांमधून वेळ काढून होत.

दोन्ही धंद्यांची भाषा त्यांनी एकच करून टाकली होती. "या आवाजात गाठी हायेत." "हा मस्त पिंजून निघाला." स्पीकरच्या खोक्यात आतून कापूस भरला की आवाज घुमत नाही, हे त्यांचं खास ज्ञान. तो कापूस दुकानातलाच. मी पहिल्या वर्षी त्यांच्याकडून गादी करून घेतली. ती जरा हलकी वाटली म्हणून तक्रार केली. हबीबभाई अजिबात गडबडले नाहीत.

"सर, तुम्ही रोज संध्याकाळी वर येऊन गाणे ऐकता का नाही?"

"ऐकतो."

"मंग. तुमचा कापूस तुम्हीच ऐकून राह्यले."

विकण्याची तऱ्हा आणखी वेगळी. गिऱ्हाइकाने पैसे पुढे केले म्हणजे वस्तू मिळाली असं नाही. हबीबभाई आधी त्याच्या घरी जाऊन यायचे. स्पीकर कुठे ठेवणार, भिंत कुडाची की विटांची, खोलीत किती माणसं बोलतात, सगळं बघायचे. एका किराणा दुकानदाराने जोडी पोचवायला आलेल्या हबीबभाईंसमोरच ती फ्रिजवर ठेवली, तेव्हा चहाचा कप तसाच ठेवून त्यांनी जोडी उचलली आणि पैसे तिथेच परत केले. "काऊन हो हबीबभाई?" तो म्हणाला. "फ्रिज थरथरते. तुम्हाले चालते, त्यांले चालत नाही," हबीबभाई म्हणाले. "त्यांले" म्हणजे स्पीकरांना.

पण एकदा विकलेली वस्तू आपण होऊन मागायची नाही, हाही त्यांचा नियम होता. घर पसंत करून दिलं की विषय संपला. मागे वळून बघणं नाही, चौकशी नाही.

मागच्या हिवाळ्यात एक तरुण माणूस गाडीतून आला. पुण्याला नोकरी. त्याने मोबाईलवर जाहिरात टाकली होती आणि हबीबभाईंनीच त्याला फोन करून बोलावलं होतं. गाडीतून मधाच्या रंगाची लाकडी जोडी, त्यासोबतचा अ‍ॅम्प्लिफायर आणि कॅसेट प्लेअर उतरला. वडील वारले, ते ग्रामसेवक होते, गावाकडे आता फक्त आई आहे, तिला या सामानाचा काही उपयोग नाही, एवढं त्याने सांगितलं. त्याला परत जायची घाई होती.

हबीबभाई भिंतीकडे वळले. कॅसेट लागली. ताट पडलं. एक, दोन, तीन, चार, आणि अगदी शेवटी, जमिनीला टेकता टेकता, पाचवी. मीही ऐकली. त्याच्यामागून एक बाई "अगं बाई" म्हणाली. हबीबभाई झटकन वळले. इतक्या वर्षांत ती बाई त्यांना पहिल्यांदा ऐकू आली होती.

"मराठी बाई होती!" ते मला म्हणाले. "मी इतके दिवस समजलो, आपल्यापैकीच कोणी असंन."

तीन आठवडे त्यांनी ती जोडी कोणाला दाखवलीही नाही. शेवटी चिखलीच्या एका डॉक्टरांचं घर त्यांना पसंत पडलं. स्वच्छ खोली, जाड पडदे, उड्या मारणारी पोरं नाहीत. जोडी तिकडे गेली. दोन दिवस हबीबभाईंनी कुठलीच कॅसेट लावली नाही, मग पुन्हा कापूस पिंजायला लागले.

आठवड्याने, बाजाराच्या दिवशी, मी दुकानात उभा असताना एक बाई जीपमधून उतरल्या. साठीच्या असतील. हातात कापडी पिशवी. विचारत विचारत आल्या.

"ते लाकडाचे खोके इथंच हायेत का? माह्या पोरानं आणून देले. वरवट बकालहून."

हबीबभाईंनी हातातली सुई गादीत टोचून ठेवली. "होते, ताई. विकले."

बाई अर्धवट शिवलेल्या गादीवरच बसल्या. मी पाणी दिलं. त्यांचं नाव सुमनताई. सकाळी पहिल्या गाडीने निघाल्या होत्या, तीन ठिकाणी गाड्या बदलून आल्या होत्या.

"चांगल्या घरी गेले का?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टरच्या घरी."

"मंग ठीक हाय. मले काही वापस नोको होते. एकडाव ऐकाचे होते फक्त."

हबीबभाईंना हे समजेना. "तुमच्याच घरचे ना ताई? मंग तुम्ही ऐकलेच असतीन."

"ऐकले ना. सैपाकघरातून." सुमनताई पदराने तोंड पुसत म्हणाल्या. "ते मले हात लावू देत नोहते. म्हणे, तुले समजत नाही, बिघडवशीन. पुसाले तेवढं देत. तीस वर्सं पुसले म्या. हे गेले, म्हटलं आता लावून पाहू. तं तेरवी झाली आन पोरानं गाडीत टाकले. त्याचं काही चुकलं नाही. म्या बोललीच नाही त्याले."

"मंग पत्ता कोणी देला?"

"त्यानंच. म्या त्याले म्हटलं, शेजारच्यांले असे खोके घ्याचे हायेत."

हबीबभाई हसले नाहीत. चहा सांगितला, बुलढाण्याच्या जीपमध्ये नीट जागा बघून त्यांना बसवून दिलं. जीप जाईपर्यंत रस्त्यात उभे राहिले. वर गेले ते दिवसभर खाली दुकानात आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या खोलीतली मधली जोडी काढली. ही जोडी विकायची नव्हती. लोकांनी वाट्टेल ते देऊ केलं होतं, त्यांनी ऐकून घेतलं नव्हतं. ती गोधडीत गुंडाळून ते चिखलीला गेले आणि संध्याकाळी मधाच्या रंगाची जोडी, अ‍ॅम्प्लिफायर आणि प्लेअर घेऊन परतले.

"डॉक्टरांनी दिली?" मी विचारलं.

"देली ना. मी म्हटलं, ही घ्या, ते द्या. ते म्हणे, हबीबभाई, मले तं दोन्ही सारखेच वाटतात." ते गोधडी सोडायचे थांबले. "सारखेच! सर, डॉक्टर माणूस."

आपली आवडती जोडी गेल्याचं दुःख त्यांनी बोलून दाखवलं नाही. हे मात्र चार दिवस बोलत होते.

रविवारी आम्ही वरवट बकालला निघालो. सामान उचलायला आणखी दोन हात पाहिजेत म्हणून मी. एस.टी.त हबीबभाईंनी दोन्ही स्पीकर शेजारच्या सीटवर बसवले. कंडक्टर म्हणाला, "सामान वर टाका." हबीबभाई म्हणाले, "यांचं तिकीट फाडा." कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. बोथ्याच्या घाटात प्रत्येक वळणाला हबीबभाई त्यांच्यावर आडवा हात धरत होते. खामगावला गाडी बदलली, तिथं मात्र गर्दी होती. शेगावपर्यंत एक स्पीकर त्यांच्या मांडीवर, एक माझ्या.

सुमनताईंना आम्ही आधी कळवलं नव्हतं. त्या दारात तूर निवडत होत्या. आमच्याकडे, मग आमच्या हातांकडे बघून उठल्या. सूप तिथंच राहिलं.

"मी पैशे..."

"ते पाहू मंग," हबीबभाई म्हणाले. "आधी जागा दाखवा."

जागा दाखवायची गरजच नव्हती. खोलीतल्या भिंतीवर दोन चौकोन कोरे होते, बाकीच्या भिंतीहून उजळ. हबीबभाईंनी तिथे न ठेवता जोडी जरा पुढे ओढली, तिरकी केली, मागे जाऊन बसून बघितली, पुन्हा वीतभर सरकवली. वायरी जोडल्या. ताईंनी कपाटातून यजमानांच्या कॅसेटचा डबा काढून दिला. हबीबभाईंनी एक आत घातली, सवयीने खुर्ची ओढली, बसले, बटणाकडे हात नेला.

सुमनताई दाराशी उभ्या होत्या. हातात फडकं.

हबीबभाईंनी मागे बघितलं. बघतच राहिले. मग खुर्चीवरून उठले.

"ताई, इथं बसा. तुम्ही लावा."

"नाही बा. मले नाही समजत."

"समजाले काय लागते? हे दाबाचं. हे फिरवाचं."

त्यांनी फडकं खाली ठेवलं, हात साडीला दोनदा पुसले. बटण दाबलं. मग फिरवायचं ते फिरवलं, पण पार टोकापर्यंत. पत्र्यावरची कबुतरं उडाली. शेजारच्या दोन बाया धावत आल्या. मी कानांवर हात ठेवले. असला आवाज हबीबभाई सहन करणं शक्य नव्हतं, मी त्यांच्याकडे पाहिलं. ते हात मागे बांधून उभे होते.

"कमी करू का?" सुमनताई ओरडून म्हणाल्या.

"तुम्हाले कसा पाह्यजे?"

"असाच!" त्या म्हणाल्या आणि खुर्चीत हसायला लागल्या. मग हसता हसता रडल्या, पण आवाज काही कमी केला नाही. पैशांचा विषय त्यांनी निघताना पुन्हा काढला. हबीबभाईंनी त्याऐवजी दोन किलो तूरडाळ मागून घेतली.

एरवी बसमध्ये इंजिनाच्या आवाजावरही टीका करणारे हबीबभाई परतीच्या गाडीत तिकिटाची घडी घालत आणि उलगडत होते. खामगाव गेलं, घाट चढला, तेव्हा म्हणाले, "सर, एक विचारू?"

"विचारा."

"आमच्या शमीमले कोणतं गाणं आवडते?"

शमीमभाभी म्हणजे त्यांची बायको. मला कसं माहीत असणार? पण मी आठवायला लागलो, आणि लक्षात आलं की वरच्या खोलीत रोज संध्याकाळी मी तासन् तास बसलो होतो आणि भाभी मला फक्त उंबरठ्यावर दिसल्या होत्या. चहाचा ट्रे पुढे करायच्या आणि परत जायच्या. पडद्यामागे भांड्यांचा आवाज आला की हबीबभाई "जरा धीरे!" म्हणायचे, आणि तो थांबायचा.

"मलेही मालूम नाही," हबीबभाई स्वतःशीच म्हणाले. "पस्तीस सालं झाले."

धाडला उतरलो तेव्हा दिवस मावळत होता. मी घरी जाणार होतो, पण डाळीची पिशवी माझ्याकडे होती म्हणून वर गेलो. हबीबभाईंनी चपला काढल्या-न काढल्या आणि हाक मारली.

"शमीम! इधर आओ."

भाभी उंबरठ्यावर आल्या. "क्या टूटा?"

"कुछ नहीं टूटा. अंदर आओ. बैठो."

त्यांनी आपली खुर्ची ओढून दिली. त्या खुर्चीवर मीही कधी बसलो नव्हतो. भाभींनी माझ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि काठावर बसल्या. हबीबभाईंनी सगळ्या कॅसेट त्यांच्यासमोर मांडल्या. बटणं दाखवली. उरलेल्या जोड्यांपैकी सगळ्यात चांगली कुठली तेही सांगायला लागले, मग मध्येच थांबले.

"तुम लगाओ," ते म्हणाले. "जो तुम्हारे मन में हो."

भाभींनी कॅसेटांवरून नजर फिरवली. एक उचलली, उलटी केली, ठेवून दिली.

"सच्ची बोलूँ?"

"बोलो ना."

"ये लाल बत्ती बंद करो पहले. सब बंद करो. दो घडी शांती से बैठने दो मेरे को."

हबीबभाईंनी वाकून एकेक बटण बंद केलं, शेवटी भिंतीवरचं मुख्य बटणही. आतापर्यंत जाणवत नसलेली एक बारीक घरघर थांबली. खालून जीपवाल्याची "बुलढाणा, बुलढाणा" अशी हाक ऐकू आली. हबीबभाईंना हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. एक बुटकं स्टूल ओढून ते भाभींच्या समोर बसले. भिंतीकडे तोंड करून नाही.

"बकरीद से बोल रही मैं," भाभी म्हणाल्या, "के घुटना दुखता. सीढी नहीं चढी जाती. सुना तुमने?"

"नहीं सुना," हबीबभाई म्हणाले. "फिर से बोलो."

मी डाळीची पिशवी दाराशी ठेवली आणि निघालो. जिना उतरताना भाभींचा आवाज येत होता. घुटन्यावरून त्या बहिणीवर गेल्या, बहिणीवरून माहेरच्या विहिरीवर. मी रस्ता ओलांडून माझ्या खोलीचं कुलूप उघडलं, तरी मध्ये दुसरा आवाज आला नाही.