उणे अठराची सरळ रेघ

इंदूरच्या कृष्णपुऱ्यात राहणारे जयसिंगराव एका घोड्याचे स्वतंत्र मालक होते. त्यांचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते, परंतु हा घोडा तो नव्हे. ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकच्या तोंडाला या धंद्यात घोडा म्हणतात. मागे जोडायचा ट्रेलर मात्र ते आजवर भाड्यानेच आणत. मागच्या हिवाळ्यात ताडपत्रीखाली झाकून त्यांनी हिरवा मटार नाशिकला नेला, तेव्हा व्यापाऱ्याने वास घेऊन विचारलं, "फोडणी इथेच घालायची का?" त्या दिवशी जयसिंगरावांनी स्वतःचा थंड ट्रेलर घेण्याचा निश्चय केला.

देवास नाक्यावर पियुष नावाच्या गृहस्थाचं ट्रेलरचं यार्ड होतं. जयसिंगरावांनी पत्नी शैलजाबाईंना सोबत नेलं, कारण फ्रीजच्या बाबतीत घरात अखेरचा शब्द त्यांचाच असे.

"भियाजी," पियुषने गंभीरपणे विचारलं, "तुम्हाला थंडी पाहिजे की थंडीचं प्रूफ?"

"दोन्ही वेगळं असतं?"

"मार्केटमध्ये तर वेगळंच चालून राहिलं आहे. हा ट्रेलर माल थंड ठेवतो. आणि तो पलीकडचा ठेवत नाही, पण त्याची टेम्परेचर दाखवणारी स्क्रीन मोठी आहे. डिमांड त्याचीच जास्त, कसम से."

जयसिंगरावांनी पहिल्या ट्रेलरच्या दाराचं रबर ओढून पाहिलं, भिंती ठोकून पाहिल्या, मशीन चालू करायला लावलं. शैलजाबाई शाल पांघरून आत स्टुलावर बसल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. बाहेर आल्या तेव्हा नाक लाल झालं होतं.

"अहो, हाच घ्या. सकाळपासून तुमचा राग आला होता, तोही आत गोठला."

ट्रेलर घेतला गेला. एका आइसक्रीम कंपनीने चाचणीची खेप दिली. माल नाशिकला दगडासारखा कडक पोहोचला. जयसिंगराव इस्त्रीचा शर्ट घालून विजय नगरच्या ऑफिसात गेले. तिथे तापमान-अनुपालन अधिकारी उर्वी हिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

"काका, तुमचा ग्राफ हलतो."

"पण बेटा, माल तर एकदम कडक पोहोचला."

"मालाचं नंतर बघू. इथे रेघ उणे अठरा डिग्रीच्या वर का गेली?"

"दार उघडलं होतं."

"दार का उघडलं?"

"माल भरायला."

उर्वीला मनापासून वाईट वाटलं. "काका, पॉलिसीत दार उघडायची प्रोव्हिजनच नाही."

"मग माल आत जाणार कसा?"

"ते ऑपरेशन्स बघतं. मी टेम्परेचर बघते."

दुसरी चाचणी नियमानुसार दार न उघडता झाली. रिकामा ट्रेलर नाशिकला जाऊन रिकामाच परत आला. रेघ आखल्यासारखी सरळ होती. उर्वीने उभं राहून अभिनंदन केलं. "परफेक्ट! आता फक्त असंच माल भरून करा."

ते जमेना. ट्रेलर कंपनीच्या यार्डात उभा राहिला. मोठ्या स्क्रीनवाले ट्रेलर मात्र खालून थेंब गाळत आणि सरळ रेघ दाखवत त्याच्यासमोरून भरून जाऊ लागले. जयसिंगराव चिडून पियुषकडे गेले. पियुषने जेवणाच्या डब्याएवढा एक फ्रीज काढून ट्रेलरच्या कोपऱ्यात बसवला आणि तापमान मोजणारा सेन्सर त्यात ठेवला.

"आता दार उघडं ठेवून इंदूर फिरून या. सेन्सरला कळणारसुद्धा नाही."

"ही तर चालबाजी झाली हो," शैलजाबाई म्हणाल्या.

"झाली," जयसिंगराव म्हणाले. "पण मोठं मशीन मी पूर्ण चालवणार. रेघ खोटी, माल खरा." एवढ्यावर त्यांनी मनाचं समाधान करून घेतलं.

खेपा मिळू लागल्या. रेघ सरळ, माल कडक. काही दिवसांनी उर्वीने बोलावलं. शाबासकी मिळेल म्हणून जयसिंगरावांनी पुन्हा इस्त्रीचा शर्ट घातला.

"काका, ग्राफ सुंदर आहे. पण नाशिक-पुण्याहून तक्रारी येऊन राहिल्या आहेत. चमचा शिरत नाही. नेहमीचा मऊपणा गेला. कंपनीने क्वालिटी पाडली. एकाने तर लिहिलंय, आइसक्रीम गोठलेलं निघालं."

"अगं, आइसक्रीम गोठलेलंच असतं ना!"

"असतं, काका. पण कस्टमरला सवय नाही."

"मग मी करू काय?"

उर्वीने आवाज खाली आणला. "ऑफिशियली मी काहीच सांगू शकत नाही. पण बाकीच्यांची मशिनं सेंधव्याच्या घाटात जरा आराम करतात."

पुढच्या खेपेला जयसिंगरावांनी घाटात गाडी बाजूला घेतली. खालून गरम वारा येत होता. बटणावर बोट ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. आजारी माणसाच्या डोक्यावरचा पंखा बंद करावा, तसं त्यांना वाटलं. मग त्यांनी बटण दाबलं. मागची घरघर थांबली. धुळ्याला चहा घेताना ते ट्रेलरकडे पाठ करून बसले.

त्या खेपेची एकही तक्रार आली नाही. कंपनीने त्यांना आदर्श वाहनमालक ठरवून पुण्याचा मार्ग कायमचा दिला.

गेल्या रविवारी जेवण झाल्यावर तुम्ही आइसक्रीमच्या डब्याचं झाकण काढलंत. चमचा अलगद आत गेला आणि तुम्ही घरच्यांना म्हणालात, "बघा, कंपनीचं ते कंपनीचंच!" दुकानदाराकरवी तुमची ही दाद जयसिंगरावांपर्यंत पोहोचली. ग्राहकाच्या मताचा आदर म्हणून त्यांनी आता मशीन घाटाच्या बऱ्याच अलीकडे बंद करायला सुरुवात केली आहे.