दुसऱ्या पंगतीचा फितवा

श्री अन्नपूर्णा प्रसन्न. शके सोळाशे ब्याण्णव, विकृतीनाम संवत्सरी, एका राज्यी जे वर्तमान घडले ते जैसे कानी आले तैसे लिहितो. राजे सुभानराव तख्ती विराजमान असता राजगृही चाल ऐसी की, पहिल्या पंगतीस पुरुषमंडळीने बसावे आणि बायकांनी वाढावे, मग दुसऱ्या पंगतीस उरले ते बायकांनी जेवावे. ऐसे असता युवराज येसाजीराव, वय वर्षे पंधरा, पहिल्या पंगतीस येईनासे जाहले, आणि खबर आली की युवराज कमरेस पंचा बांधून दुसऱ्या पंगतीस बायकांस वाढितात आणि मग धाकट्या बहिणीशेजारी, सगुणाबाईसाहेबांशेजारी, पान मांडून जेवितात. राजे चरकले. एकुलता एक पुत्र, तोच हातचा गेला तर राज्य कोणाचे? पाणी कोठेतरी मुरते आहे, म्हणाले. मग राणीसाहेबांवर संशय धरिला, आणि शास्त्रीबोवांवर धरिला, आणि शेजारच्या राज्यावरही धरिला की त्यांनीच पोराचे कान फुंकले. हेर सोडिले, शास्त्रीबोवांच्या पोथ्या झाडून पाहिल्या, राणीसाहेबांची दासी बदलिली. हाती काही लागले नाही. अखेर युवराजांसच पुसिले, "कोणी फितविले तुम्हांस?"

युवराज बोलिले, "कोणी नाही, आबासाहेब. शिकारीहून उशीर जाहला, म्हणून दुसऱ्या पंगतीस बसलो. आमटीत डाळ नव्हती आणि भाताची नुसती खरवड होती. सगुणीस म्हटले, आज ऐसे कैसे? तर हसली, म्हणाली, दादासाहेब, आज तर बरे आहे."

राजांस वाटले, पोपट पढविलेला दिसतो. मग स्वतःच वर्दी न देता दुसऱ्या पंगतीस जाऊन बसले, आणि तीच खरवड पानी आली, आणि घास गिळवेना. फार लाजले. मग दुसरे दिवशी हुकूम केला की उद्यापासून पंगत एकच, आणि पंगत बसली तेव्हा स्वहस्ते पहिली पुरणपोळी लेकीच्या पानात वाढिली, वर तूप सोडिले. सगुणाबाईसाहेबांनी पोळीस हात लाविला नाही. पोळीकडे पाहिले, मग राजांकडे पाहिले, आणि हळूच पुसिले, "आबासाहेब, माझे लग्न कोठे ठरविलेत?"

राजे म्हणाले, "कोठेही नाही, बाळ. शपथ." तरी पोळी निवून गेली.

ऐसे हे वर्तमान. पुत्राचे मन एका जेवणाने फिरले. कन्येचे फिरावयास किती जेवणे लागतील, हे लिहिणारास ठाऊक नाही.